शेवटच्या बाकावरची भाषा

‘लक्ष देत नाही.’ प्रगतिपुस्तकातला हा सर्वांत स्वस्त शेरा. लिहायला तीन शब्द पुरतात, आणि पालकांनाही तो लगेच पटतो, कारण घरीही मूल लक्ष देत नसतंच. पण इंग्रजी माध्यमातल्या किंवा सेमीतल्या मुलाला हा शेरा मिळतो, तेव्हा त्यासोबत एक कोडंही येतं. संध्याकाळी आई शेजारी बसून तोच धडा इंग्रजीतून वाचते, तेव्हा मुलाला तो कळतो. प्रश्न विचारले तर उत्तरं येतात. वर्गात मात्र त्याच वाक्यांना ते शेजारच्याच्या वहीत डोकावतं, इतरांनी पुस्तक उघडलं की आपलं उघडतं, सगळे हसले की हसतं. बाई म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते घरी तर सगळं येतं, आणि वडील शिकवणी लावून मोकळे होतात.

या भांडणात एका तिसऱ्याची साक्ष कोणी काढत नाही. त्याचं नाव गोंगाट.

तो आपल्याला इतका अंगवळणी पडला आहे, की ‘गोंगाटाने काय होतं’ या प्रश्नाला आपलं उत्तर ठरलेलं असतं : आम्ही नाही का शिकलो अशाच शाळेत? शिकलो, पण बहुतेक जण आईच्या भाषेतून. आणि सगळा फरक तिथेच पडतो.

मिनेसोटा विद्यापीठातल्या पेगी नेल्सन, कॅथरीन कोनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरीतली मुलं, काहींची घरची भाषा इंग्रजी, काहींची स्पॅनिश. त्यांना इंग्रजी शब्द ऐकवायचे, एकदा शांततेत आणि एकदा वर्गातल्यासारख्या गोंगाटात. गोंगाटही फार नव्हता. बोलणारीचा आवाज त्याच्या १० डेसिबल वर होता. आपल्याकडच्या कित्येक वर्गांच्या मानाने ही चैनच म्हणायची. गोंगाट सुरू झाल्यावर दोन्ही गट घसरले, पण स्पॅनिश घरांतली मुलं कितीतरी जास्त. त्याआधी, १९९६ साली, कार्ल क्रँडेल आणि जोसेफ स्मॉल्डिनो यांनी आठ ते दहा वर्षांच्या मुलांना वाक्यं ऐकवून असाच कल पाहिला होता : परिस्थिती जितकी वाईट, तितकी दोन गटांमधली दरी रुंद.

यावर एक शंका रास्त आहे. त्या मुलांना इंग्रजी कमीच येत असेल, त्यात गोंगाटाचा काय दोष? या शंकेला उत्तर देणारं काम प्रौढांवर झालं आहे. कॅथरीन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली लहानपणीच इंग्रजी शिकलेल्या स्पॅनिशभाषकांना घेतलं. त्यांच्या बोलण्यात परकी ढब ऐकू येत नव्हती, आणि शांत खोलीत ते एकभाषिक अमेरिकनांच्या बरोबरीने शब्द ओळखत होते. गोंगाट आणि घुमणारी खोली आली की मागे पडत होते. म्हणजे ज्यांची इंग्रजी कोणत्याही तोंडी परीक्षेत उत्तम ठरली असती, त्यांनाही गाळात पाय रुतल्याचा अनुभव येत होता, फक्त तो बाहेरून कोणाला दिसत नव्हता.

आपण मुलांची भाषा शांततेत तपासतो आणि ती वापरायला लावतो गोंगाटात. परीक्षेच्या वेळी शाळा चिडीचूप असते. तोंडी परीक्षेला मूल बाईंच्या टेबलाशी, हातभर अंतरावर उभं असतं. तिथे जे आलं त्यावरून आपण ठरवतो की याला इंग्रजी समजतं, आणि मग त्याला पाच-सहा मीटर मागे, पंख्याखाली, रस्त्याकडच्या खिडकीजवळ बसवतो.

•

गोंगाटात ऐकणं हे कानाचं काम आहे, असं आपण धरून चालतो. कान त्यातला थोडाच भाग करतात. पावसात भिजलेलं वर्तमानपत्र वाचताना अर्धी अक्षरं फुटलेली असतात, तरी आपण बातमी वाचून काढतो, कारण फुटलेली अक्षरं डोळ्याने वाचावीच लागत नाहीत. ऐकण्याचंही तसंच. ‘गवळ्याने सकाळी ताजं...’ इथपर्यंत ऐकू आलं आणि नेमका ट्रकचा हॉर्न वाजला, तरी ‘दूध’ हा शब्द आपल्याला जवळजवळ ऐकूच येतो. तो कानात आलेलाच नसतो. भाषेने तो पुरवलेला असतो. ‘ताईने विचारलं की...’ या वाक्याच्या शेवटावर हॉर्न वाजला, तर मात्र काहीच हाती लागत नाही.

नेमकी अशी दोन प्रकारची इंग्रजी वाक्यं, एक अंदाज बांधता येण्यासारखी आणि एक न येण्यासारखी, घेऊन लिन मेयो, मेरी फ्लॉरेंटाइन आणि सोरेन बूस यांनी १९९७ साली मेक्सिकन स्पॅनिश बोलणाऱ्यांची चाचणी घेतली. कोणी तान्हेपणापासून इंग्रजी ऐकलेलं, कोणी सहाव्या वर्षाच्या आत शिकलेलं, कोणी चौदाव्या वर्षानंतर. उशिरा शिकलेल्यांना संदर्भाचा फायदा फारच कमी मिळाला. ‘गवळी’ ऐकूनही ‘दूध’ चटकन पुढे येत नव्हतं. यात आश्चर्य नाही. आश्चर्य पहिल्या गटाचं होतं. पाळण्यापासून दोन्ही भाषा ऐकलेले लोकही गोंगाटात एकभाषिकांच्या किंचित मागेच राहिले.

असं का व्हावं? एक कारण असं की दोन भाषा जाणणाऱ्याच्या डोक्यात दुसरी भाषा कधी पूर्ण बंद होत नाही. मायकेल स्पिव्ही आणि व्हियोरिका मरियन यांनी १९९९ साली रशियन-इंग्रजी द्वैभाषिकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. समोर काही वस्तू मांडून रशियनमध्ये ‘मार्कू’, म्हणजे पोस्टाचं तिकीट, उचलायला सांगितलं, की नजर क्षणभर शेजारच्या ‘मार्कर’ पेनाकडे जायची. इंग्रजीचा तिथे काही संबंध नसताना. शांततेत हा हेलकावा लगेच सावरतो. गोंगाटात शब्दाचं शेपूट ऐकूच आलं नाही, तर दोन्ही उमेदवार रिंगणात राहतात, आणि तोवर पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.

मराठी घरातल्या मुलाची अडचण याहून थोडी वेगळ्या जागी आहे. ती मला सेमीच्या गणिताच्या तासाला सर्वांत स्पष्ट दिसते. मराठीत एकाचे अनेक करायचे तर आपण बहुधा स्वर बदलतो : घोडा-घोडे, आंबा-आंबे. स्वर हे दणकट असतात. दूरवर जातात, गोंगाटात टिकतात. इंग्रजीचं पुष्कळसं व्याकरण मात्र शब्दाच्या टोकाला लटकलेल्या बारीक व्यंजनांवर चालतं. ‘कॅट’चं ‘कॅट्स’ होतं ते एका ‘स्’ने, ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ होतं ते एका ‘ट्’ने. हे आवाज क्षीण असतात, आणि पंख्याची घरघर नि पोरांची कुजबुज पहिला घास त्यांचाच घेते. ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’, ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ यांत शेवटचा ‘न्’ गेला, तर उरतं काय? ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलतात, त्याचे कान शब्दातला जोर कुठे पडला यावरून सावरून घेतात. ज्याच्या घरी तीस आणि तेरा बोलतात, ते बिचारं ५० मधून वजा करायचं ते १५ मधून करतं. चूक गणिताच्या वहीत उमटते. लाल शाईने फुली पडते. पुढे त्याला गणित कच्चं असलेला विद्यार्थी म्हणतात.

शिवाय ‘व्हेट’ आणि ‘वेट’, ‘बेट’ आणि ‘बॅट’ अशा जोड्या आहेतच. आपल्याला एकच ‘व’ पुरतो. शांततेत ओठांकडे बघून मूल तो फरक पकडतं. ओठ दिसणं ही किती मोठी मदत आहे, हे विल्यम समबी आणि अर्विन पोलॅक यांनी १९५४ सालीच दाखवून दिलं होतं : गोंगाट जितका वाढेल, तितका बोलणाऱ्याचा चेहरा अधिक उपयोगी पडतो. आणि आपल्याकडे अध्यापनाचा निम्मा वेळ फळ्याकडे तोंड करून जातो.

•

गोंगाट सगळा सारखा नसतो. ट्रकचा आवाज फक्त झाकतो. माणसांचं बोलणं झाकतं आणि शिवाय ओढूनही नेतं. ते कळणाऱ्या भाषेतलं असेल तर जास्तच. क्रिस्टिन व्हॅन एंगेन यांनी २०१० साली हे तपासलं. इंग्रजी वाक्यं ऐकवताना मागे कधी दोन माणसं इंग्रजीत बोलत होती, कधी मँडरिनमध्ये. इंग्रजी बोलणं सगळ्यांनाच जास्त नडलं. पण मँडरिन मातृभाषा असलेल्यांना मागची मँडरिन बडबडही अमेरिकनांपेक्षा जास्त त्रास देत होती. अमेरिकनाला ती नुसती कटकट. मँडरिनभाषकाला ती घरातून आलेली हाक.

हे वाचलं आणि मुंबई महापालिकेच्या शाळांच्या इमारती डोळ्यांसमोर आल्या. पालिका आठ माध्यमांतून शिकवते, आणि एका इमारतीत अनेकदा दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात. इंग्रजीच्या तासाला व्हरांड्यातून हिंदी कविता ऐकू येते, जिन्यावर मराठीत भांडण चाललेलं असतं. खेड्यात हेच चित्र लहान आकारात दिसतं. द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एका खोलीत बसतात. गुरुजी एकीला पाढे म्हणायला लावून दुसरीचं इंग्रजी घेतात. पाढ्यांसारखा ओळखीचा, लयीतला, आपल्याच भाषेतला आवाज शेजारी चालू असताना परक्या भाषेतल्या नव्या शब्दाला कानात शिरायला कुठली फट सापडणार?

मुलांच्या वयाचाही यात वाटा आहे. साध्या एकसुरी गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता नऊ-दहा वर्षांपर्यंत बऱ्यापैकी तयार होते. दोन माणसं मागे बोलत असताना तिसऱ्याचं ऐकणं मात्र तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत प्रौढांइतकं जमत नाही, असं नेब्रास्कातल्या बॉइज टाउन रुग्णालयातल्या लॉरी लिबोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दिसतं. म्हणजे शिक्षकाला जो वर्ग ‘ठीक आहे, चालतंय’ असा वाटतो, तो सात वर्षांच्या मुलाला तसा नसतो. मोठ्या माणसाचे कान या बाबतीत साक्षीदार म्हणून निरुपयोगी आहेत.

मग दोन भाषा शिकवूच नयेत की काय? काही पालक इथे घाईने वळतील, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जेनिफर क्रिझमन, ॲन ब्रॅडलो, नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली द्वैभाषिक आणि एकभाषिकांना तीन गोष्टी गोंगाटात ऐकवल्या. वाक्यांत द्वैभाषिक मागे पडले. सुट्या शब्दांत बरोबरीत राहिले. आणि ज्यात भाषा नाहीच, नुसता एक सूर गोंगाटातून ओळखायचा, त्यात ते पुढे होते. दोन भाषांची सवय असलेला कान आवाज टिपायला अधिक तरबेज असतो, असा याचा अर्थ लावता येतो. कमी पडतो तो रिकाम्या जागा भरणारा साठा, आणि तो वापराने वाढतो. म्हणून दोष दुसऱ्या भाषेला देऊ नये. ती शिकण्यासाठी दिलेल्या खोलीला द्यावा.

सातासमुद्रापार हेच नाट्य पात्रं बदलून चालतं. अमेरिकेत वाढणारी मराठी मुलं रविवारच्या मराठी शाळेत जातात, आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात, ‘जेवलीस का’ला नीट उत्तर देतात. सुट्टीत इकडे येऊन लग्नाच्या हॉलमध्ये सनईच्या, ताटांच्या आणि दोनशे नातेवाइकांच्या आवाजात उभी राहिली, की तीच मुलं गप्प होतात, आणि मावशी म्हणते, ‘अगं, हिला मराठी येतच नाही वाटतं!’

•

खोलीचं शास्त्र तसं जुनं आहे. १८९५ साली हार्वर्डमध्ये एक नवं सभागृह बांधलं गेलं आणि त्यात व्याख्यान कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर ते काम आलं. त्याने रात्री, रस्ता शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक मांडत निनाद मोजायचा, आणि सकाळच्या आत त्या परत नेऊन ठेवायच्या. यातून खोलीचं आकारमान, आतले मऊ पृष्ठभाग आणि निनादाचा काळ यांचं गणित बसलं. आज वर्गासाठी हा काळ ०.६ सेकंदाच्या आत असावा, आणि रिकाम्या वर्गात ३५ डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं अमेरिकेचं २००२ सालचं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शनातही हेच आकडे आहेत. बोलणाऱ्याचा आवाज गोंगाटाच्या १५ डेसिबल वर असावा, ही श्रवणतज्ज्ञांची नेहमीची अपेक्षा.

आता आपली वर्गखोली पाहा. कोबा किंवा शहाबादी फरशी, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब नाहीतर पत्रे, लोखंडी पायांचे बाक. मऊ असं काही असेल तर ती मुलंच. त्यात अंतराचा हिशेब आणखी वेगळा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६० असलेलं साधं बोलणं चार मीटरवर ४८ उरतं. खोलीत भिंती थोडं परत देतात, पण घुमवून, एका अक्षरावर दुसरं चढवून. ब्रिजेट शील्ड आणि ज्युली डॉक्रेल यांनी लंडनच्या प्राथमिक वर्गांत मोजलं तेव्हा मुलं चूप वाचत असताना ५६, आणि गटात हिंडून-फिरून काम करत असताना ७७ डेसिबल भरले. गोंगाटाचा मुख्य कारखाना वर्गातच असतो. तो बंद करण्याचा आपला पारंपरिक उपाय म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. आवाज कमी करायला तो खरोखर चालतो, हे मान्य करायला हवं. फक्त तोंडावर बोट ठेवून भाषा शिकता येत नाही.

दुसरा उपाय शिक्षकाचा घसा. गोंगाट वाढला की बोलणारा नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली नोंदवलं. पण ओरडण्यात फुगतात ते स्वर. ती बिचारी ‘स्’ आणि ‘ट्’ होती तिथेच राहतात. बाईंचा घसा बसतो आणि ‘कॅट्स’ तरीही ‘कॅट’च ऐकू येतं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं ते लिहिलं आहे : सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, स्वच्छतागृहं, पाणी, मैदान, कुंपण. त्याच कायद्याचं २९वं कलम म्हणतं की शिक्षणाचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावी. एकाच कायद्यात भिंतीही आहेत आणि भाषाही, पण या दोघांची गाठ कुठे पडत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम शाळेभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घालतात. ती कुंपणाबाहेरची. त्याच साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हापासून माध्यमावरून केवढे वाद झाले, केवढे परिसंवाद, केवढे अग्रलेख! छताला काय लावायचं, यावर मात्र अवाक्षर नाही.

•

हा विषय इंग्रजीचा समजून इथे थांबता आलं असतं. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाचं काय? कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी. या मुलांना पहिलीत जी परकी भाषा भेटते, ती आपली मराठी. आपल्याला सोपे वाटणारे मराठीतले बारकावे, मूर्धन्य ‘ळ’ आणि ‘ण’, विभक्तीचे ‘ला’ आणि ‘ना’, त्यांना गोंगाटातून वेचावे लागतात. आणि सातपुड्यात जुलैचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला, की शिक्षकाचं बोलणं पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही. माझ्या मते मराठीवर प्रेम करणाऱ्यांनी इंग्रजीशी भांडण्याआधी या पत्र्यांची दखल घ्यावी. गुन्हा तोच आहे. इथे फक्त आरोपीच्या पिंजऱ्यात आपण आहोत.

उपाय फार खर्चिक नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांची निविदा निघत नाही. पत्र्याखाली सच्छिद्र, मऊ छत. मागच्या भिंतीवर जाड नमद्याचे फलक. त्यावर मुलांची चित्रं लावता येतात. बाकांच्या पायांना रबराच्या टोप्या. पाढ्यांचा आणि इंग्रजीचा तास एका खोलीत न ठेवणं. नव्या धड्यातले शब्द आदल्या दिवशी घरच्या भाषेत सांगून ठेवणं : संदर्भाचा साठाच कमी पडतो हे खरं असेल, तर तो आधीच भरून देणं हा या संशोधनाचा सर्वांत सरळ अर्थ आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. वाक्य कळलं नाही तर तेच मोठ्याने न ओरडता वेगळ्या शब्दांत, मुलांकडे तोंड करून सांगणं. शिकवणीवाले शिक्षक हल्ली कमरेला छोटा स्पीकर लावतात. त्याने मागच्या बाकाला फायदा होतो, पण घुमणाऱ्या खोलीत तो घुमणंही वाढवतो, म्हणून त्याचा नंबर छतानंतर.

मुलाबद्दल शंका असेल तर आधी कान तपासावेत, हे वेगळं सांगायला नको. सर्दीने मधल्या कानात पाणी साचणं लहान वयात नेहमीचं आहे आणि ते पुष्कळदा लक्षातही येत नाही. वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था अशा ठिकाणी तपासणी होते. तिथे जाताना मूल घरी कोणती भाषा बोलतं, शाळेत कोणती, आणि केव्हापासून, हे आधी सांगावं. फक्त इंग्रजी शब्दांवर घेतलेल्या चाचणीत कमी गुण पडले, तर ते कानाचे की भाषेचे, हे वेगळं काढणं कठीण होतं.

तपासणीही अर्थात आवाजबंद खोलीत होते. तेव्हा तिचा अहवाल स्वच्छ आला, तरी पालकांनी एकदा वर्गात शेवटच्या बाकावर बसून एक तास ऐकावा. पालकसभाही तिथेच घेता येईल. फक्त ती शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर घेऊ नये; मंगळवारी साडेअकराला घ्यावी, शेजारच्या वर्गात पाढे चालू असताना, आणि मुख्याध्यापकांनी माइक न घेता, पालकांना तितकीशी न येणाऱ्या भाषेत बोलावं.